आपलाच खटला, आपणच पंच

"सार, क्रैपाक ओदिद्दीरा?"

बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हा प्रश्न मला विचारला गेला, त्याला आता बरीच वर्षं झाली. विचारणारा होता युनियनचा एक वयस्क प्रतिनिधी, खिशाला दोन पेनं, काखेत कापडी पिशवी. मी व्यवस्थापनाच्या बाजूचा कायदा सल्लागार, पुण्याहून नुकताच आलेला, कानडी जेमतेम कळणारा. प्रकरण साधं होतं. पाळी अर्धवट सोडून गेल्याचा आणि वरिष्ठाशी हुज्जत घातल्याचा आरोप असलेल्या कामगाराची खातेचौकशी. घोटाळा एवढाच, की ज्या साहेबानं तक्रारीवर सही केली होती त्यालाच चौकशी अधिकारी म्हणून बसवलं होतं. म्हाताऱ्यानं कलमं सांगितली नाहीत, आवाज चढवला नाही. क्रैपाक वाचलंय का, एवढंच विचारलं. साहेबानं माझ्याकडे पाहिलं आणि मी फायलीकडे. चौकशी त्या दिवशी झाली नाही.

क्रैपाक मी वाचलं होतं, म्हणजे परीक्षेपुरतं गाइडमध्ये वाचलं होतं. त्या रात्री पहिल्यांदा मूळ निकाल काढून वाचला आणि तो लिहिणाऱ्या माणसाच्या मागे लागलो. न्यायमूर्ती कौडूर सदानंद हेगडे. मराठी वाचकाला हे नाव बहुधा एकाच कारणानं आठवतं: १९७३ साली इंदिरा गांधींच्या सरकारनं ज्यांची ज्येष्ठता डावलली त्या तिघांतले एक. फार तर पुढे लोकसभेचे अध्यक्ष झाले, एवढं. पण न्यायाधीशाची कारकीर्दही गवयासारखी ऐकता येते, असं माझं मत आहे. शेकडो निकाल लिहिले तरी त्याची अशी चीज एखादीच असते. हेगडे यांची चीज जुनी आहे, रोमन काळापासून चालत आलेली: आपल्याच खटल्यात कुणी पंच होऊ नये. ती त्यांच्या लेखणीतून कशी उतरली, मग त्यांच्याच अंगावर कशी आली आणि शेवटी त्यांच्या हातून ती कुठे निसटली, हे ऐकण्यासारखं आहे.

आधी लेखणी. ए. के. क्रैपाक विरुद्ध भारत सरकार, निकालाची तारीख २९ एप्रिल १९६९. पाच न्यायमूर्तींचं खंडपीठ, निकाल एकमतानं, लेखन हेगडे यांचं. १९६६ साली भारतीय वन सेवा नव्यानं उभी राहत होती आणि जम्मू-काश्मीरच्या वन खात्यातले अधिकारी त्या सेवेत घ्यायचे होते. निवड मंडळावर दिल्लीचे मोठे अधिकारी होते, आणि नियमच तसा असल्यानं राज्याचे प्रभारी मुख्य वनसंरक्षकही होते. हे गृहस्थ स्वतः उमेदवारही होते. त्यांच्या नावाचा विचार झाला तेव्हा ते उठून बाहेर गेले. प्रतिस्पर्ध्यांच्या नावांवर चर्चा झाली, पसंतीक्रम लागला, तेव्हा मात्र आत होते. यादी लागली तेव्हा त्यांचं नाव सर्वांत वर होतं. ज्यांना मागे टाकून ते त्या खुर्चीपर्यंत आले अशी तक्रार होती, त्यांची नावं यादीत नव्हती.

ते मधे उठून बाहेर जाणं हा या निकालाचा प्राण आहे. सरकारचा सगळा बचाव त्या दाराशी उभा होता. मंडळावरच्या इतरांनी प्रतिज्ञापत्रं दिली होती की आमच्या मतावर त्यांचा काही परिणाम झाला नाही. शिवाय अंतिम शिफारस लोकसेवा आयोगाची, मग डाग राहिला कुठे? हेगडे कुणालाही खोटं ठरवत नाहीत. ते म्हणतात, दुसऱ्याच्या मनात काय होतं हे सिद्ध करणं अवघड, म्हणून आम्ही मनात शिरत नाही. माणसं सर्वसाधारणपणे कशी वागतात ते पाहतो. चारचौघांनी मिळून घेतलेल्या निर्णयात प्रत्येकाचा प्रत्येकावर काही ना काही असर पडतोच, आणि त्यात एखाद्याला त्या विषयाची खास माहिती असेल तर त्याचा जास्त. तो असर सूक्ष्म असतो. ज्याच्यावर पडतो त्यालाही कळतोच असं नाही. आणि मूळ यादीच नासलेली असेल तर तिच्यावर उभी असलेली आयोगाची शिफारस निर्मळ कशी राहणार?

मला यात सगळ्यांत आवडतं ते आरोपाचं तापमान. ज्या अधिकाऱ्यामुळे ही निवड रद्द झाली त्याला लबाड म्हणण्याचा मोह कुठल्याही लेखकाला झाला असता. हेगडे १९४७ ते १९५१ सरकारी वकील होते. आरोप कसा तापवावा हे त्यांना ठाऊक असणार. इथं मात्र भट्टी विझवून ठेवली आहे. माणूस वाईट नव्हता, खुर्ची वाईट जागी ठेवली होती, असा सूर. कारखान्यातल्या त्या साहेबालाही हेच लागू होतं. तो काही दुष्ट नव्हता.

निकालाचा दुसरा भाग कायद्याच्या विद्यार्थ्यांना जास्त ठाऊक आहे. त्याआधी न्यायालयांत एक काथ्याकूट चाले: हा निर्णय प्रशासकीय की अर्धन्यायिक? अर्धन्यायिक असेल तर नैसर्गिक न्यायाचे नियम लागू, प्रशासकीय असेल तर नाही. हेगडे यांनी सांगितलं, ही रेघ आता पुसट होत चालली आहे. नियमांचा हेतू अन्याय टाळणं हा असेल तर प्रशासनाला त्यातून सूट कशाला? प्रशासनाच्या चुकीच्या निर्णयानं माणसाचं जास्तही नुकसान होऊ शकतं. हे एवढं मोठं पाऊल, पण टाकलं असं की आवाज झाला नाही. लगेच कुंपणही घातलं: हे नियम कायद्याला हटवत नाहीत, कायदा जिथं गप्प आहे तिथली जागा भरतात. आज देशभरच्या खातेचौकश्यांत, परीक्षा मंडळांत, परवाने रद्द करणाऱ्या कचेऱ्यांत हा निकाल पोचला आहे. बोम्मसंद्र्याच्या म्हाताऱ्याच्या कापडी पिशवीपर्यंत पोचला, यातच त्याचं मोठेपण मला दिसतं.

आता माणूस. जन्म ११ जून १९०९, कार्कळ तालुक्यातल्या कौडूर गावी, म्हणजे तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या दक्षिण कानडा जिल्ह्यात. शिक्षण मंगळूर आणि मद्रासला. १९५२ ते १९५७ राज्यसभेचे खासदार, पक्ष काँग्रेस. १९५७ साली खासदारकी सोडून म्हैसूर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश. खासदाराच्या बाकावरून थेट न्यायासनावर! आज असं झालं तर वाहिन्यांवर आठवडाभर आरडाओरडा चालेल, आणि तो चालावा असंच मीही म्हणेन. पण या माणसानं पुढे ज्या पक्षानं खासदार केलं त्याच पक्षाच्या सरकारविरुद्ध निकाल दिले, हेही नोंदवायला हवं.

तेव्हाचं म्हैसूर उच्च न्यायालय आजही तिथंच आहे: कब्बन पार्कच्या कडेची ती लाल, दुमजली, लांबलचक इमारत. नाव अट्टारा कचेरी, म्हणजे अठरा कचेऱ्या. मराठी कानाला लगेच अठरा कारखाने आठवतात. १८६० च्या दशकात ती बांधली. तिच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे, विधानसौध. तो उभारण्याचा ध्यास मुख्यमंत्री केंगल हनुमंतय्यांचा. १९५६ साली तो पुरा झाला आणि पुढच्याच वर्षी हेगडे समोरच्या लाल इमारतीत येऊन बसले. नऊ वर्षं ते तिथं होते. राज्यकर्त्यांचा दगडी महाल समोर आणि त्या महालातून निघालेले हुकूम आपल्या मेजावर, अशी नऊ वर्षं.

१९६६ मध्ये नव्या दिल्ली उच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायमूर्ती, १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालय. बँक राष्ट्रीयीकरणाचा खटला, संस्थानिकांच्या तनख्याचा खटला. दोन्हीत हेगडे सरकारविरुद्ध निकाल देणाऱ्या बहुमतात. पण सरकारला जास्त झोंबला असावा तो एक छोटा आदेश. रायबरेलीच्या १९७१ च्या निवडणुकीला राजनारायण यांनी आव्हान दिलं होतं. त्यातला एक प्रश्न असा की इंदिरा गांधींनी स्वतःला उमेदवार म्हणून नेमकं कधीपासून पुढे केलं. कारण त्या तारखेवर पुढचे आरोप टिकणार की गळणार हे अवलंबून होतं. अलाहाबाद उच्च न्यायालयानं याचिकेची काही दारं बंद केली होती. मार्च १९७२ मध्ये हेगडे, जगनमोहन रेड्डी आणि मॅथ्यू यांच्या खंडपीठानं ती उघडली. निकाल कुणाच्या बाजूचा नव्हता, पुरावा होऊ द्या एवढंच त्यात होतं. त्या उघड्या दारातून तीन वर्षांनी, १२ जून १९७५ ला, काय आत आलं ते सर्वांना ठाऊक आहे.

मग केशवानंद. यात भूगोलाची एक गंमत आहे. केशवानंद भारती यांचा एडनीर मठ कासरगोडजवळ, आणि १९५६ पर्यंत कासरगोड दक्षिण कानडा जिल्ह्यातच होतं. म्हणजे याचिकाकर्ता स्वामी आणि निकाल लिहिणारा न्यायमूर्ती एकाच जुन्या जिल्ह्यातले. तेरा न्यायमूर्ती, अडुसष्ट दिवसांचे युक्तिवाद, २४ एप्रिल १९७३ चा निकाल, सात विरुद्ध सहा. अकरा निकालपत्रांच्या त्या रानात हेगडे आणि मुखर्जी यांचं संयुक्त निकालपत्र मी पुन्हा पुन्हा वाचत आलो आहे, कारण ते माणसाच्या भाषेत लिहिलेलं आहे.

आपण मराठीत 'घटनेची मूलभूत चौकट' म्हणतो. चौकट म्हणजे दाराची, खिडकीची, सुतारकामाचा शब्द. या दोघांनी मात्र एका महत्त्वाच्या जागी घटनेचं व्यक्तिमत्त्व म्हटलं आहे. घटना दुरुस्त करा, पण तिचं व्यक्तिमत्त्व बदलता कामा नये. फरक मोठा आहे. चौकटीतलं एक लाकूड काढून दुसरं बसवलं तर चौकट तीच राहते का, हा सुताराचा वाद. माणूस म्हातारा झाला, केस पिकले, मतं बदलली, तरी शेजारी त्याला ओळखतात. आणि एके दिवशी तोच माणूस असा वागतो की घरचेही म्हणतात, हा तो नव्हे. न्यायालयाला हा दुसरा प्रश्न विचारायचा होता. आमच्या भाषेत चौकट रुळली आणि व्यक्तिमत्त्व हरवलं, याची मला खंत आहे.

दुसरी उपमा त्यांनी धर्माची घेतली. घटना हा नुसता राजकीय कागद नाही, तिच्यामागे सामाजिक तत्त्वज्ञान आहे. आणि धर्मात जसा गाभा स्थिर राहतो व आचार बदलतात, तसंच तत्त्वज्ञानाचं. मठाधिपतीच्या खटल्यात ही उपमा! मुद्दाम घेतली की ओघात आली, देव जाणे. पण बसली अशी की दुसरी सुचू नये.

आणि तिसरी गोष्ट उपमा नव्हे, हिशोब आहे. संसदेच्या दोन तृतीयांश सदस्यांनी मतदान केलं म्हणजे देशाच्या बहुमतानं ते केलं असं होत नाही, असं ते लिहितात. आपल्या निवडणूक पद्धतीत अल्पसंख्य मतांवरही दोन तृतीयांश जागा येऊ शकतात. पाच वर्षं राज्यसभेत बसलेल्या माणसाचं हे वाक्य आहे. निव्वळ वकिलीतून आलेल्या न्यायाधीशाला सुचलं असतं, पण इतक्या सहज लिहिता आलं नसतं असं मला वाटतं. त्याच वेळी, कुठलीही पिढी पुढच्या पिढीला बांधून ठेवू शकत नाही, म्हणून दुरुस्तीचं दार हवंच, हेही त्याच निकालपत्रात आहे. दार हवं, पण दारातून घरच बाहेर नेऊ नका.

दोष सांगायचा तर हा: मूलभूत वैशिष्ट्यांची त्यांची यादी – सार्वभौमत्व, लोकशाही, देशाची एकता, व्यक्तिस्वातंत्र्याचा गाभा, कल्याणकारी आणि समतेचं राज्य घडवण्याचा आदेश – ही केवळ उदाहरणादाखल आहे असं ते सांगतात. म्हणजे यादीचं शेपूट उघडं. टीकाकार गेली पन्नास वर्षं त्याच शेपटाला धरून ओढत आहेत, आणि त्यांचं अगदीच चुकतं असं नाही.

दुसऱ्या दिवशी, २५ एप्रिलला, सरन्यायाधीश सिक्री निवृत्त झाले आणि शेलत, हेगडे, ग्रोव्हर या तिघांना डावलून ए. एन. राय यांची नेमणूक जाहीर झाली. तिघेही बहुमतातले, राय अल्पमतातले. तिघांनी राजीनामे दिले. परंपरा पाळली असती तर शेलत यांना जेमतेम तीन महिने मिळाले असते आणि मग हेगडे यांना सुमारे अकरा. एवढ्या थोड्या महिन्यांसाठी एवढा खटाटोप.

सरकारची बाजूही ऐकावी. मंत्री मोहन कुमारमंगलम यांनी लोकसभेत ती जोरकस मांडली: सरन्यायाधीशाची सामाजिक दृष्टी पाहण्याचा सरकारला अधिकार आहे. १९५८ च्या विधी आयोगानं, ज्याचे अध्यक्ष सेटलवाड होते, केवळ ज्येष्ठतेवर सरन्यायाधीश नेमू नये असं म्हटलंच होतं. आपले गजेंद्रगडकर १९६४ मध्ये सरन्यायाधीश झाले तेव्हाही एका ज्येष्ठाला, प्रकृतीच्या कारणानं, बाजूला ठेवलं होतं. पण आयोग बोलत होता तो पात्रतेबद्दल. इथं निवड करणारं सरकार आदल्याच दिवशी त्या तिघांपुढे पक्षकार होतं आणि हरलं होतं. काश्मीरचा तो अधिकारी निदान स्वतःच्या नावापुरता बाहेर जाऊन बसला होता. दिल्लीत तेवढाही उपचार झाला नाही. चार वर्षांपूर्वी हेगडे यांनी जे लिहिलं होतं ते आता त्यांच्याच बाबतीत, पात्रांची अदलाबदल होऊन, घडलं. त्या वेळचे कायदामंत्री होते हरी रामचंद्र गोखले, स्वतः मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश. न्यायासन सोडून सत्तेच्या बाजूनं उभा राहिलेला मराठी माणूस एकीकडे आणि न्यायासन सोडावं लागलेला दक्षिण कानड्याचा माणूस दुसरीकडे. १९७७ ला गोखले मुंबईत जेठमलानींकडून हरले.

मराठी वाचकाला इथं रामशास्त्री आठवल्याशिवाय राहणार नाहीत. नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ सालचा. राघोबादादांना दोषी ठरवून शास्त्रीबोवांनी पुणं सोडलं ते तेव्हाच. बरोबर दोनशे वर्षांचं अंतर. पण आपल्या मनातला न्यायाधीश त्या निघून जाण्यावरच थांबतो. रामशास्त्री बारभाईंच्या कारभारात परत आले, हे नाटकात फारसं येत नाही. हेगडे यांच्याकडे पाहताना आपण अडखळतो ते इथं: ते गावी जाऊन बसले नाहीत. मतं मागायला गेले.

अमेरिकेत याला आपल्याइतकं कुणी नाक मुरडत नाही. चार्ल्स इव्हान्स ह्यूज हे न्यूयॉर्कचे गव्हर्नर, मग सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश; १९१६ साली राजीनामा देऊन विल्सनविरुद्ध अध्यक्षपदाला उभे राहिले आणि कॅलिफोर्नियातल्या चार हजारांहून कमी मतांनी त्यांचं अध्यक्षपद हुकलं. पुढे परराष्ट्रमंत्री झाले आणि १९३० मध्ये चक्क सरन्यायाधीश म्हणून परत आले. १९३७ मध्ये रूझवेल्ट यांनी न्यायालयात सहापर्यंत नवे न्यायाधीश घालण्याचा घाट घातला, तेव्हा या जुन्या राजकारण्यानं भाषण केलं नाही. सेनेटर व्हीलर यांना एक पत्र लिहून, न्यायालयाचं काम तुंबलेलं नाही हे आकड्यांनिशी दाखवलं आणि त्या योजनेच्या शिडातली हवा काढून घेतली. राजकारण कळलेला न्यायाधीश न्यायालयाला असा उपयोगी पडतो. हेगडे यांना ती संधी मिळाली नाही. त्यांचा परतीचा रस्ता बंद होता. के. सुब्बा राव १९६७ मध्ये सरन्यायाधीशपद सोडून राष्ट्रपतिपदाला उभे राहिले तेव्हा पुष्कळांना ते रुचलं नव्हतं. हेगडे यांना मात्र आधी ढकललं गेलं होतं, मग ते चालले.

मार्च १९७७. आणीबाणीनंतरची निवडणूक. उत्तरेत काँग्रेस धुऊन निघाली, पण कर्नाटकानं तिला अठ्ठावीसपैकी सव्वीस जागा दिल्या. जनता पक्षाला मिळालेल्या दोनांतली एक बंगळूर दक्षिण, आणि तिथून निवडून आले सदुसष्ट वर्षांचे हेगडे. त्यांनी हरवलं कुणाला? केंगल हनुमंतय्यांना. लाल इमारतीत नऊ वर्षं बसलेल्या माणसानं समोरचा महाल बांधणाऱ्याला हरवलं. कादंबरीकारानं हे लिहिलं असतं तर मी समासात 'ओढूनताणून' असं लिहिलं असतं.

आता बोम्मसंद्र्याहून पिवळी मेट्रो सुरू झाली आहे, ऑगस्ट २०२५ पासून. सोळा स्थानकं, शेवटचं आर. व्ही. रोड, त्या जुन्या मतदारसंघाच्या अगदी मध्यात नेऊन सोडते. पूर्वी होसूर रोडच्या गर्दीत यालाच दीड तास जाई.

२१ जुलै १९७७ ला हेगडे लोकसभेचे अध्यक्ष झाले. नीलम संजीव रेड्डी राष्ट्रपती होण्यासाठी गेले, म्हणून जागा रिकामी झाली. दादासाहेब मावळंकरांपासून या खुर्चीवर वकील पुष्कळ बसले. सर्वोच्च न्यायालयातून आलेला हा पहिलाच. आणीबाणीची जळमटं झाडणारी चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती त्यांच्या काळात लोकसभेत मंजूर झाली. जुलै १९७९ मध्ये यशवंतराव चव्हाणांनी मोरारजी सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला आणि सरकार कोसळलं, तेव्हाही खुर्चीवर हेगडेच.

पण मला थांबायचं आहे ते डिसेंबर १९७८ पाशी.

इंदिरा गांधी नोव्हेंबरमध्ये चिक्कमगळूरहून निवडून आल्या होत्या. चिक्कमगळूर म्हणजे कार्कळहून घाट चढलं की लागतो तो जिल्हा. त्यांच्यावर हक्कभंगाचा ठपका होता: १९७५ मध्ये मारुती कंपनीबद्दलच्या संसदेतल्या प्रश्नासाठी माहिती गोळा करणाऱ्या अधिकाऱ्यांना त्रास दिल्याचा. विशेषाधिकार समितीनं त्यांना दोषी धरलं. १९ डिसेंबरला पंतप्रधान मोरारजींनी मांडलेला ठराव २७९ विरुद्ध १३८ मतांनी मंजूर झाला. सदस्यत्व रद्द आणि अधिवेशन संपेपर्यंत कैद. त्या तिहारला गेल्या.

आता ही चीज ऐका. तक्रार सभागृहाची, चौकशी सभागृहाच्या समितीची, निकाल सभागृहाचा, शिक्षा सभागृहाची. मतं देणाऱ्यांत आणीबाणीत याच बाईंच्या तुरुंगात राहून आलेली कितीतरी माणसं. आणि वर खुर्चीवर क्रैपाक लिहिणारा. कायद्याच्या दृष्टीनं उत्तर तयार आहे: हक्कभंगाचा अधिकार सभागृहाचा असतो, अध्यक्ष त्यात मत देत नाही, त्याच्या हाती फक्त अंमलबजावणी. क्रैपाकमध्येच म्हटलं आहे की नैसर्गिक न्याय कायद्याला हटवत नाही. हे सगळं मला मान्य आहे. तरीही मी जेव्हा जेव्हा क्रैपाक वाचतो, 'सर्वसाधारण माणसं कशी वागतात' या मुद्द्यापाशी येतो, तेव्हा मला ते भरलेलं सभागृह दिसतं. बाहेर जाऊन कुणीच बसलं नव्हतं. हेगडे यांच्या कारकिर्दीतला हा वर्ज्य स्वर आहे, आणि तो लागला हे त्यांच्या चाहत्यानं लपवू नये. काश्मीरच्या अधिकाऱ्याबद्दल त्यांनीच दाखवलेली सूक्ष्म नजर त्यांना लावायची तर म्हणावं लागेल: माणूस वाईट नव्हता, खुर्ची वाईट जागी होती. मे १९८१ मध्ये पुढच्या लोकसभेनं तो ठराव रद्द करून टाकला. ती लोकसभा अर्थातच इंदिरा गांधींच्या बहुमताची होती, म्हणजे तेही पुन्हा आपल्याच खटल्यात.

जानेवारी १९८० ला हेगडे यांचं अध्यक्षपद संपलं. त्याच वर्षी ३१ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं मिनर्व्हा मिल्सचा निकाल दिला, गिरणी बंगळूरचीच. बेचाळिसाव्या दुरुस्तीनं संसदेला दिलेला अमर्याद अधिकार मूलभूत चौकटीच्या आधारानं रद्द झाला. बहुमताचा निकाल लिहिला यशवंत चंद्रचूड यांनी, जे केशवानंदमध्ये हेगडे यांच्या विरुद्ध बाजूला होते. आपण ज्या मताला विरोध केला होता तेच मत सात वर्षांनी चंद्रचूडांनी आधाराला घेतलं आणि ठासून मांडलं. एका न्यायाधीशाला दुसऱ्यानं द्यावी अशी याहून मोठी दाद मला ठाऊक नाही. शिरपेच, सत्कार, पुतळा, सगळं त्यापुढे किरकोळ.

हेगडे यांनी नंतर भारतीय जनता पक्षाचं उपाध्यक्षपद सांभाळलं. कार्कळजवळच्या निट्टे गावी त्यांनी सुरू केलेल्या शिक्षणसंस्थेचं आज विद्यापीठ झालं आहे. २४ मे १९९० ला ते गेले. त्यांचे चिरंजीव संतोष हेगडेही सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले, आणि कर्नाटकाचे लोकायुक्त म्हणून २०११ मध्ये त्यांनी दिलेल्या खाण अहवालानंतर एका मुख्यमंत्र्याला जावं लागलं.

युनियनच्या त्या म्हाताऱ्याला मी नंतर एकदा सांगितलं की क्रैपाक आता मूळ वाचलं. त्यानं मान हलवली आणि कॉफी मागवली. तुम्हीही वाचा. निकाल लांबलचक नाही. बोम्मसंद्र्याला मेट्रोत बसलात तर आर. व्ही. रोड यायच्या आत वाचून होतो. केशवानंदसाठी मात्र रजा काढावी लागेल.